१८५१ च्या नेव्हीची प्रतिकृती पारखताना

कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या १८५१ नेव्ही या टोपीच्या (म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने बार उडवणाऱ्या) रिव्हॉल्व्हरची हातघडणीची प्रतिकृती हातात आली की नजर आधी निळ्या झळाळीवर जाते. ती मागाहून बघावी. तपासण्याआधी सिलिंडरच्या, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या, बार भरायच्या खोल्या रिकाम्या आहेत आणि त्यांच्या मागच्या निपलांवर (टोप्या बसवायच्या बोंडांवर) टोप्या नाहीत याची खात्री करून घ्यावी, मग कडांपासून सुरुवात.

कोल्टच्या १८५१ नेव्हीची नळी अष्टकोनी, साडेसात इंच लांब. तिच्या आठही कडा बोटाला स्पष्ट लागायला हव्यात. बफच्या चाकावर घाईने पॉलिश केलं की कडा बुजतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडतात आणि वरची अक्षरं एका बाजूने पुसट होतात. गेलेलं पोलाद परत येत नाही, त्यामुळे यावर इलाज नाही. चांगला कारागीर सपाट कानशीला एमरी कागद गुंडाळून हातानेच घासतो.

सिलिंडरवरचं चित्र टेक्सास आणि मेक्सिकोच्या जहाजांमधल्या १६ मे १८४३ च्या लढाईचं. ‘नेव्ही’ हे नाव त्यावरूनच पडलं. मूळ साचा वॉटरमन ऑर्म्सबीने कोरला होता आणि कडक पोलादी साचा दाबून फिरवत ते चित्र सिलिंडरवर उठवलं जाई. त्यामुळे रेघा बारीक आणि उथळ असतात. जाड, खोल, सगळीकडे एकसारखी रेघ दिसली तर ते नंतरच्या पद्धतीचं काम समजावं. चित्र उठवल्यावर जास्त पॉलिश केलं तर सर्वांत आधी शिडांच्या दोऱ्या नाहीशा होतात.

फ्रेमवरचे रंग हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात तापवून पाण्यात विझवल्याने येतात. ते ढगांसारखे एकमेकांत मिसळलेले दिसतात. सायनाइडच्या क्षारात केलेलं काम भडक आणि पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. टिकायला वाईट नाही, पण मूळचं नव्हे. आणि मूठ? अक्रोडाच्या एकाच तुकड्याची. तिच्यावर लालसर जाड लॅकर असेल तर ते उतरवता येतं, म्हणून त्यावर अडून बसू नये.

पितळी फ्रेमबद्दल मात्र अडावं. कोल्टने नेव्हीची फ्रेम पितळेची केली नाही. पितळ होतं ते चापाच्या कड्याला आणि मुठीच्या पट्टीला, बहुधा चांदीचा मुलामा देऊन. पितळी फ्रेम अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या नकलांची, उदाहरणार्थ जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसनची, आणि त्यांची नळी पुढच्या भागात गोल. म्हणजे पितळी फ्रेम, अष्टकोनी नळी, .४४ कॅलिबर आणि वर कोल्टचं नाव हा मेळ कल्पनेतला. नेव्ही .३६ चीच (कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, इंचात).

आता पाचर. नळी आणि फ्रेम यांना धरून ठेवणारी ही चीज, कारण या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमला सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नाही. सिलिंडर ज्या आसावर फिरतो त्याचं टोक नळीतल्या भोकाच्या तळाला टेकायला हवं. टेकत नसेल तर पाचर जितकी आत ठोकाल तितकी नळी मागे ओढली जाते आणि सिलिंडर अडकतो. जरा सैल केली की नळी डुलते. तपासायला पाचर काढा, नळी उतरवा, ती थोडी आडवी फिरवून आसावर शेवटपर्यंत सरकवा. नळीच्या खालच्या भागाची मागची बाजू फ्रेमच्या पुढच्या बाजूशी अगदी जुळली तर जोडणी बरोबर. ती फ्रेमच्या मागे शिरली तर आस तोकडा आहे. जितकी शिरली तितक्या जाडीची पोलादी चकती भोकाच्या तळाशी बसवावी लागते.

खुणा शेवटी. आजच्या बहुतेक प्रतिकृती इटलीतल्या ब्रेशियाजवळच्या भागातून येतात आणि त्यांच्यावर गार्दोने व्हाल त्रोम्पियाच्या बंदुका तपासणाऱ्या चाचणीगृहाचे शिक्के असतात. छोट्या चौकटीतली अक्षरं वर्ष सांगतात: ‘एए’ म्हणजे १९७५. काही प्रतिकृतींत हे शिक्के नळीखालच्या ठासणीच्या दांड्याखाली (बार खोलीत दाबायच्या दांड्याखाली) दडलेले असतात, तो खाली ओढून बघा. ‘खरी वाटावी’ म्हणून कुणी ते घासून काढून देतो म्हणाला तर त्याला काम देऊ नका. शिक्के नसलेली, मुद्दाम गंजवलेली नेव्ही दोन-तीन हात फिरली की मूळची म्हणून विकली जाते. बाजारात अशी एखादी दिसली तर याच क्रमाने बघा. स्क्रूच्या रुंद, आजच्या मापाच्या खाचा तिला बहुतेक वेळा उघडी पाडतात.