दारात चमको

परवा दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला, म्हणजे नेमका डोळा लागायच्या बेताला, बेल वाजली. दार उघडलं तर एक पोरगी, खांद्याला हे भलंमोठं बोचकं, हातात फाइल, घामाघूम. "मॅडम, फक्त पाच मिनिटं. घ्यायचं काही नाही, नुसता डेमो." व्हॅक्युम क्लीनर होता. एरवी मी साखळीसुद्धा न काढता फटीतूनच नको म्हणून मोकळी होते, पण ती डेमो म्हणाली आणि मला एकदम 'चश्मेबद्दूर'मधली दीप्ती नवल दिसली. दारात उभी, 'चमको' साबणाची पावडर घेऊन. म्हटलं ये बाई आत.

चमको कोण हे ज्यांना सांगावं लागतं त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही, हा माझा दुर्गुण आहे, मान्य. २०१३ मध्ये त्या सिनेमाचा रिमेक आला तेव्हा ऑफिसातल्या एकाने मला विचारलं होतं, "ओरिजिनल पण होता का?" त्याच्याशी मी आठवडाभर कामापुरतंच बोलले.

तर ती पोरगी सोफ्यावर मशीन फिरवत होती आणि मी मनातल्या मनात 'चश्मेबद्दूर'च्या दिग्दर्शिका सई परांजपेंचे सगळे सिनेमे फिरवत होते. हे मला अधूनमधून होतं. माझी सईबाईंशी ओळख मात्र सिनेमातून नाही झाली. चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला आमच्या बाईंनी 'पत्तेनगरी' बसवलं होतं आणि त्यात मी कुठलातरी किरकोळ पत्ता होते, बहुतेक बदामाची तिर्री. नाटकाचं मला काही म्हणजे काही आठवत नाही, आठवतो तो पुठ्ठा. पुढे एक, मागे एक, खांद्यावरून नाडीने बांधलेले, आणि त्यामुळे खाली बसता येत नव्हतं. सगळं नाटक विंगेत उभी होते, पायाला मुंग्या, नाकाला खाज आणि हात पुठ्ठ्याच्या आत अडकलेले, शेवटी शेजारच्या चौकटच्या गुलामाला म्हटलं, माझं नाक खाजव. त्याने खाजवलं. मैत्री म्हणजे काय ते मला तिथे कळलं. नाटक कुणी लिहिलंय वगैरे विचारायची पद्धत नव्हती, नाटकं बाई आणतात आणि बसवतात एवढंच माहीत. ते नाटक आणि टीव्हीवरचा 'कथा' एकाच बाईचं, हे फार उशिरा, कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं, आणि मग उगाचच वाटायला लागलं की आपण त्यांच्याबरोबर काम केलंय. (त्यांनी स्वतः आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. मी आठव्या वर्षी काय करत होते ते वर सांगितलं, त्याच्याच आसपासचं काहीतरी.)

'कथा' पहिल्यांदा पाहिला तो शेजारच्यांकडे, जमिनीवर बसून. सुरुवातीलाच आजीबाई ससा-कासवाची गोष्ट सांगतात, त्यामुळे आम्ही पोरं खूश, आपला सिनेमा आहे. मूळ गोष्ट शं. गो. साठ्यांच्या नाटकाची, 'ससा आणि कासव'. आणि मग तो बाशू येतो. चाळीत येतो काय, सरळमार्गी मित्राची, राजारामची, खोली वापरतो, कपडे वापरतो, ऑफिसात शिरतो, सगळ्या बिऱ्हाडांत चहा पितो, आणि ज्याला त्याला हवी ती थाप मारतो. मला तो इतका आवडला की बस. राजाराम म्हणजे आमच्या घरातले सगळेच होते हो. रांगेत उभे राहणारे, बरोबर सुटे पैसे देणारे. बाशूसारखं कुणीच नव्हतं. बाशू झालेल्या फारुख शेखला हसताना बघून वाटायचं की या माणसाला आपणही उसने पैसे दिले असते आणि परत मागितले नसते.

माझं एक जुनं मत आहे, कुणाला पटो न पटो. सई परांजपेंच्या सिनेमातला खरा हिरो म्हणजे थाप. 'चश्मेबद्दूर'मध्ये ओमी आणि जोमो दोघंही त्या चमकोकडून हात हलवत परत येतात आणि खोलीवर येऊन कसल्या रंगवून सांगतात! अख्खी गाणीच्या गाणी रचतात. ती थाप पुढे तिच्या खरोखर प्रेमात पडलेल्या बिचाऱ्या सिद्धार्थच्या, त्यांच्याच मित्राच्या, मुळावर येते, पण बाई त्या दोघांवर डोळे वटारत नाहीत. दुसरा कुणी असता तर शेवटी त्यांना रडवलं असतं, माफी मागायला लावली असती. इथे नाही. आई जशी पोराची चोरी पकडते आणि हसू दाबत पाठ फिरवते, तसं काहीतरी. 'स्पर्श'मधला अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध तर फार मोठा थापाड्या आहे, फक्त तो थाप स्वतःला मारतो, की मला कुणाची गरज नाही. नसीरुद्दीन शाहला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि बाईंना पटकथेसाठी. दिल्लीच्या अंधशाळेत शूट केलेला, तिथलीच मुलं त्यात आहेत, आणि तरी त्या सिनेमात एकदाही कुणी आपल्याला रडा असं सांगत नाही. मी रडते ती भलतीकडेच, 'दिशा'मध्ये. तिकडे मुंबईत गिरणी कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपतायत, आणि इकडे गावात ओम पुरी वर्षानुवर्षं एकटा विहीर खणतोय, सगळं गाव त्याला खुळ्यात काढतंय. आणि पाणी लागतं. दर वेळी माहीत असतं की लागणार आहे. तरी.

बाकी 'साज', 'पपीहा' वगैरे मी एकेकदाच पाहिलेत, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही.

कुठे होते मी? हां, 'कथा'. लहानपणी शेवटाला सगळ्यांनी हुश्श केलं होतं. बाशू पळाला, राजारामला त्याची आवडती, बाशूने फसवलेली संध्या मिळाली, म्हणजे कासव जिंकलं. आजीची गोष्ट खरी झाली. आता मागच्या पावसाळ्यात पुन्हा पाहिला तेव्हा मात्र मी राजारामकडे बघतच नव्हते. शर्यत ससा आणि कासवाची, ठीक आहे, पण संध्या काय आहे त्या शर्यतीत? झाड? ती बिचारी बाशूबद्दलचं खरं ते सगळं सांगून टाकते, अख्ख्या सिनेमात एवढं मोठं खरं बोलणारी तीच, आणि राजाराम चांगला माणूस म्हणून ते पोटात घालतो. चांगला आहेच तो. पण आयुष्यभर एका चांगल्या माणसाच्या उपकारात राहायचं म्हणजे काय असतं, हे चाळीतल्या कुणाला विचारावंसं वाटलं नसेल. बाईंना वाटलं असणार. नाहीतर तो शेवट इतक्या वर्षांनी असा खुपला नसता.

"काकू, बघा किती धूळ निघाली!" पोरीने पिशवी उघडून दाखवली. मॅडमची काकू कधी झाले कळलं नाही. खरंच बरीच निघाली होती, लाज वाटली. मी तिला सरबत दिलं. विचारलं, दिवसाला किती दारं होतात? म्हणाली तीस-पस्तीस, त्यातली उघडतात दहाएक. मग फॉर्म काढला. मी आपलं पटकन, अगदी सफाईने म्हटलं, "यांना विचारून सांगते हं."

घरात 'हे' नाहीत. सहा वर्षं झाली.

तिने बोचकं आवरलं, चपला घातल्या, आणि दारातून वळून म्हणाली, "काकू, खरं सांगा, नसेल घ्यायचं तर मी परत चक्कर मारत नाही. तीन जिने आहेत."

आणि मी हसून म्हटलं, "नाही गं, ये ना. शनिवारी ये."