कोनाड्यातल्या फळ्या : पाचपैकी तीन बसल्या

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं, की कोनाड्याच्या भिंती सरळ आहेत, फळ्या कापायच्या आणि सरकवायच्या. ते वाक्य मागे घेतो. खांब आणि भिंत यांच्यामधली ही जागा खाली ११४६ मिमी रुंद आहे, मध्ये ११४१ आणि वर पुन्हा ११४९. पुढच्या कडेला एक माप, मागच्या कडेला दुसरंच. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) कोपऱ्यात धरला की एका टोकाला उजेड दिसतो, आणि कमरेच्या उंचीवर प्लास्टरला चक्क पोट आलेलं आहे.

हे कळलं मित्र मदतीला आला तेव्हा. मी एकाच उंचीवर टेप लावून पाचही फळ्या त्या मापाने कापायला निघालो होतो. त्याने चप्पल काढता काढता विचारलं, "किती ठिकाणी मोजलंस?" मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "म्हणजे एका."

पहिला दिवस फळीखालच्या आधारपट्ट्यांतच गेला. प्रत्येक फळीला मागे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, ४० बाय २० मिमीच्या. लेव्हल वापरण्याआधी तिचीच परीक्षा घेतली : भिंतीवर रेघ मारायची, लेव्हल टोकाशी टोक उलटी करून त्याच रेघेवर धरायची. बुडबुडा दोन्ही वेळा मध्येच थांबला तर लेव्हल खरी. आमची खरी निघाली. त्या दिवशी खरं निघालेलं मापाचं ते एकच साधन, पण ते पुढे सांगतो.

भोकं पाडताना मी ड्रिलवर आणि मित्र खाली व्हॅक्यूमची नळी धरून. धुळीचा उपद्रव टळला हे खरंच, पण त्याचा मोठा उपयोग वेगळा झाला. तो भुकटीचा रंग बघून ओरडायचा. पांढुरकी राखाडी म्हणजे अजून प्लास्टर. मग लाल आली की वीट लागली, चालू दे. प्लास्टर संपूनही लाल येतच नसेल तर बिट विटांच्या सांध्यात गेलंय. तिथला मसाला भुसभुशीत असतो आणि प्लग (स्क्रू पकडायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) नुसता गोल फिरत बसतो. अशी दोन भोकं बुजवून थोडी बाजूला घेतली. प्लास्टरची जाडी धरून भोक खोल घ्यायचं, प्लगची पकड विटेत पाहिजे. नुसत्या प्लास्टरमधला प्लग पुस्तकं रचेपर्यंत टिकतो, रचल्यावर नाही. बिटवर खोलीच्या मापाला चिकटपट्टी गुंडाळली होती. खांबाच्या बाजूला मात्र काँक्रीट. माझं साधं हॅमर ड्रिल तिथे नुसतं किंचाळत राहिलं, बिटचं टोक निळं पडलं. मित्राचं रोटरी हॅमर आणलं तेव्हा तीच भोकं मिनिटामिनिटात झाली. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली एकही भोक नाही. तिथून वायरचा पाइप जात असतो.

आता ते पाप.

खालची फळी. मित्र कोनाड्यात वाकून त्याच्या टेपने माप सांगतोय, मी बाहेर प्लायवर माझ्या टेपने खूण करतोय. अकराशे शेहेचाळीस. खूण, रेघ, मास्किंग टेप, चांगली बाजू खाली (सर्क्युलर सॉचं पातं खालून वर कापत येतं, त्यामुळे चिरफाळ्या वरच्या बाजूला उडतात). सगळं शास्त्रशुद्ध. फळी नेऊन ठेवली तर एका कडेला पाच मिमीची फट. दीड सूत! (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीच्या आसपास.) आम्ही एकमेकांकडे बघितलं, आणि अर्थातच दोघांनीही आधी दुसऱ्याला दोष दिला.

मग दोन टेप शेजारी ठेवल्या. टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, थोडा हलतो तो बिघाड नव्हे, मुद्दाम तसा ठेवलेला असतो. भिंतीला टेकवून मोजताना तो स्वतःच्या जाडीएवढा आत सरकतो, कडेला अडकवून ओढताना तेवढाच बाहेर येतो. माझी टेप कधीतरी शिडीवरून पडली असणार, आकडा आतल्या बाजूला वाकला होता. म्हणून कडेला अडकवून घेतलेली प्रत्येक खूण दोन मिमी आखूड. उरलेले तीन मिमी सरळ माझ्या नावावर : पातं रेघेच्या टाकाऊ बाजूला धरायचं सोडून कामाच्या बाजूला धरलं. पात्याची चीर जवळपास एक सूत जाते, ती फळीतूनच गेली.

फळी वाया गेली नाही. ११४१ची जागा मध्ये होतीच, तिथे ती अशी बसली की हातोडीच्या दांड्याने दोनदा थोपटावं लागलं. ही अक्कल नव्हे, नशीब.

त्यानंतर मित्राने दोन्ही टेप उचलून खिडकीत ठेवल्या आणि दोन बारीक सरळ काठ्या घेतल्या. एकमेकींवर ठेवायच्या, दोन्हींची बाहेरची टोकं दोन्ही भिंतींना टेकेपर्यंत सरकवायच्या, क्लिप लावायची आणि तशाच उचलून प्लायवर ठेवायच्या. आकडा वाचायचा नाही, सांगायचा नाही, ऐकायचा नाही. पुढच्या कडेला एकदा, मागच्या कडेला एकदा. ज्यांच्याकडे कोनाडे आहेत त्यांनी बाकी काही नाही तरी एवढं करून बघावं.

पोट आलेल्या भिंतीसाठी फळी पाच-सहा मिमी जास्तच कापली. मग ती लेव्हलमध्ये, एक कोपरा भिंतीला टेकवून ठेवायची, आणि वॉशरच्या भोकात पेन्सिल घालून वॉशर भिंतीला घासत न्यायचा. भिंतीचे सगळे चढउतार फळीवर उमटतात. हे एकट्याने जमत नाही, फळी केसभर हलली की रेघ बाद. मित्र दोन्ही हातांनी फळी दाबून श्वास रोखून उभा, आणि मी नको तिथे हसायला लागलो म्हणून एकदा सगळं पुन्हा करावं लागलं. रेघेवरून जिगसॉ किंचित तिरका धरून कापलं, म्हणजे फक्त वरची कड भिंतीला भिडते. शेवटचा हात ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा, ठोकळ्यावर गुंडाळून.

१८ मिमी प्लायला एवढ्या लांबीत पुस्तकांनी बाक येणार का, हा मागे विचारलेला प्रश्न. येणार. त्याच वजनाखाली लांबी दुप्पट झाली की बाक आठपट होतो. मागची कड आधारपट्टीवर आहे, पण पुढची मोकळी. म्हणून पुढे २० मिमी जाड, ४० मिमी उंच सागाची पट्टी उभी लावली, गोंद आणि स्क्रू दोन्ही. ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ही चिमुकली पट्टी एकटीच अख्ख्या फळीच्या तोडीची ठरते. मधल्या फळीवर दोन्ही हात टेकून मित्र लोंबकळला. मी डोळे मिटले होते. काही झालं नाही.

सध्या खालच्या तीन फळ्या जागेवर आहेत, वरच्या दोन आणि पॉलिश बाकी. चौथीसाठी काठ्या लावून क्लिप घट्ट केली तेवढ्यात अंधार पडला. मित्र पुढच्या रविवारी येईल. काठ्या कपाटावर आडव्या ठेवल्यात, वर चिठ्ठी चिकटवली आहे : क्लिपला हात लावू नये.