बोकडाची फुप्फुसं

शाळेच्या आठवणी म्हटलं की लिंबाचं झाड, घंटा आणि छडी येणारच. त्यावर बाकीचे लिहितीलच. मी बोकडाच्या फुप्फुसांवर लिहितो.

नववीला विज्ञानाच्या गुरुजींनी आठवडी बाजारातल्या खाटकाकडून ती आणवली होती. पितळी परातीत मळकट, लिबलिबीत गोळा. श्वासनळीत सायकलच्या पंपाची नळी घालून गुरुजींनी सुतळीनं करकचून आवळली आणि एकाला पंप मारायला लावलं. गोळा फुगत गेला, रंग फिकट गुलाबी झाला आणि खंडांमधल्या फटी स्पष्ट दिसू लागल्या. माळकरी घरातली पोरं नाकाला रुमाल लावून दाराशी उभी होती, तीही पुढं सरकली.

"नुसतं काय बघायलास? मोज की!"

पुस्तकात उजवीकडे तीन खंड, डावीकडे दोन. परातीत उजवीकडे चार भरले! गुरुजी खूश. पुस्तकातलं फुप्फुस माणसाचं. बोकडाला उजवीकडे एक खंड जादा. शिवाय त्याच्या उजव्या वरच्या खंडाची नळी श्वासनळीला फाटे फुटायच्या आधीच निघते, तीही त्यांनी चिरून दाखवली. मग म्हणाले, "रानाचा बांध नका बघू, पाट कुणाकडं जातो ते बघा."

त्याचा अर्थ अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात यकृत हातात घेतल्यावर लागला. वरून बघितलं तर विळ्यासारख्या पडद्यानं यकृताचे उजवा-डावा असे भाग पडलेले दिसतात. सर्जन मात्र ती रेघ मानत नाही. त्याची रेघ पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जाते, कारण आतल्या रक्तवाहिन्या तिथं वाटल्या जातात. फ्रान्सचे सर्जन कुइनो यांनी 1957 मध्ये याच हिशोबानं यकृताचे आठ भाग मांडले. प्रत्येकाचा रक्तपुरवठा आणि पित्तनळी वेगळी, म्हणून खराब भाग तेवढा काढता येतो. मेंदूच्या खंडांना हा नियम लागू नाही. त्यांची नावं वरच्या हाडांवरून पडलीत.

आता मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. सुगीत शेंगदाणा अडकलेली लेकरं येतात. "ठसका लागला होता, मग बरं वाटलं," असं आई सांगते. हे बरं वाटणंच फसवं. एक्स-रेत दाणा दिसत नाही, कधी त्या बाजूला अडकून राहिलेली हवा तेवढी दिसते. उजवी नळी जास्त रुंद आणि सरळ, म्हणून दाणा बहुधा तिकडंच सापडतो. चार वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खे शेंगदाणे देऊच नयेत.

परवा शाळेची प्रयोगशाळा पाहिली. प्लास्टिकचं फुप्फुस आहे, खंडांना झकास रंग दिलेत. आत नळ्याच नाहीत. मुख्याध्यापकांना विनंती, पुढचं मॉडेल उघडणारं घ्या. बिल माझ्याकडे पाठवा.