क्रिटिकल इलनेस पॉलिसी: आजारांची यादी मिळाली, व्याख्या मिळेनात

क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे यादीतला गंभीर आजार झाला तर ठरलेली रक्कम देणारा विमा. तिच्यासाठी फॉर्म भरणं, तपासण्या करणं यात काही अडलं नाही. अडलं ते एकाच गोष्टीवर. नेमकं काय कव्हर आहे, हे विमा कंपनीतलं कोणी लेखी देईना.

माहितीपत्रकात आजारांची नुसती नावं होती: कॅन्सर, हार्ट अटॅक, स्ट्रोक, किडनी निकामी होणं. मला प्रत्येकाची व्याख्या हवी होती. फोन केला की उत्तर ठरलेलं, "सगळं कव्हर आहे, निश्चिंत राहा." मेल केला की पुन्हा तेच माहितीपत्रक. मग म्हणे, पॉलिसी घेतल्यावर कागदपत्रं येतीलच! अहो, घ्यायची की नाही हे ठरवायलाच ती हवीत ना? शेवटी तक्रार विभागाला लिहिलं, की पॉलिसी वर्डिंग, म्हणजे अटी आणि व्याख्यांचा पूर्ण मजकूर, हातात आल्याशिवाय एक पैसा भरणार नाही. तेव्हा कुठे फाइल आली.

वाचली आणि संतापच आला. पेशी मूळ जागीच असलेला, आत न शिरलेला अगदी सुरुवातीचा कॅन्सर बाद. हार्ट अटॅकला ईसीजीतले बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारं प्रथिन) दाखवायचं, नुसतं अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणं, चालत नाही. छाती उघडून केलेली बायपास आहे, अँजिओप्लास्टी नाही. स्ट्रोकनंतर कायमचं अपंगत्व उरलं पाहिजे, थोड्या वेळात ओसरणारा छोटा झटका, म्हणजे टीआयए, धरत नाहीत. यालाच ते फोनवर "सगळं" म्हणत होते.

'सर्व्हायव्हल पिरियड' आधी शोधा. आमच्या फाइलमध्ये तो 30 दिवसांचा होता, म्हणजे निदानानंतर रुग्ण तेवढे दिवस जगला तरच रक्कम. शिवाय पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिल्या 90 दिवसांत निदान झालं तर काहीच नाही.

रक्कम मात्र एकदम मिळते, हॉस्पिटलच्या बिलाशी तिचा संबंध नसतो. बुडालेला पगार, घरखर्च, कशालाही वापरा. हा विमा 1983 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला तो हृदयशल्यविशारद डॉ. मारियस बर्नार्ड यांच्या पुढाकाराने. ऑपरेशनने वाचलेले रुग्ण पुढे पैशांअभावी खचताना ते पाहत होते. म्हणून या विम्यावर माझा विश्वास आहे, राग आहे तो व्याख्या दडवणाऱ्यांवर.

मी पॉलिसी दुसरीकडे घेतली. तिथे सुरुवातीच्या कॅन्सरलाही रकमेचा काही भाग मिळतो, आणि वर्डिंग मागताक्षणी मिळालं. दोन्ही फाइली शेजारी ठेवून स्ट्रोकची व्याख्या आधी ताडून पाहा, फरक तिथेच दिसतो.