टीताचा केक आणि माझ्या पोळ्या

काल रात्रीपासून एकच गोष्ट छळतेय. होळीच्या दिवशी माझ्या पोळ्या खाताना एकाच्याही घशात घास कसा अडकला नाही?

निमित्त पुस्तकाचं. लॉरा एस्किवेलची १९८९ सालची मेक्सिकन कादंबरी, 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट'. बारा महिन्यांची बारा प्रकरणं, प्रत्येकाची सुरुवात एका पाककृतीने. धाकटी मुलगी टीता. आईला शेवटपर्यंत सांभाळायचं, म्हणून हिने लग्न करायचं नाही, ही घराण्याची रीत. तिचा पेद्रो तिच्याच बहिणीशी लग्न करतो आणि लग्नाचा केक टीतालाच करावा लागतो. तिचे अश्रू त्या पिठात पडतात. केक खाल्ल्यावर अख्खं वऱ्हाड आपापल्या गमावलेल्या माणसासाठी ढसाढसा रडतं. नवरा गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेली तिची आईसुद्धा.

इथे पुस्तक मिटलं. मीही रडतच केलं होतं की सगळं. फोन येऊन गेला होता, पण डाळ शिजली होती. पुरणात उलथनं उभं राहीपर्यंत मी ढवळत राहिले, जायफळ किसलं, पदराने डोळे पुसले. आणि पानावर काय? "कटाची आमटी फक्कड झालीय, अजून वाढ." दादा तर... जाऊ दे.

मग सकाळी नळराजा आठवला. बाहुक नावाचा सारथी होऊन, वेश पालटून तो कुंडिनपुरात येतो, आपल्याच विदर्भात. त्याची बायको दमयंती दासी केशिनीकरवी त्याने शिजवलेलं मांस मागवते आणि एका घासात ओळखते, हा नळच. पण का ओळखते? पूर्वी त्याच्या हातचं कितीदा तरी खाल्लं होतं म्हणून. म्हणजे सगळी करामत करणाऱ्याच्याच हातात नसते. खाणाऱ्याच्या जिभेलाही आठवण लागते.

आणि खरंच सगळे रडले असते तर? बाबांनी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्लं. दुसरी पोळी स्वतःहून मागितली, वर तुपाची धार धरायला लावली. माझं दुःख त्यांच्या घासात उतरलं नाही, हे बरंच झालं. पुरण गोड करायचं होतं, ते गोडच झालं.

पण आईने तरी ओळखायला हवं होतं. ती तर माझ्या हातचं रोज खाते.