कुप्याला नावं ठेवण्याआधी हे वाचा

आमच्या माहीमच्या घरात पापलेट येतं, सुरमई येते, बोंबील मांदेली तर आठवड्याला ठरलेलेच, पण कुपा, म्हणजे टुना, येत नाही. आई, मावशी, शेजारच्या काकू, कोणालाही विचारा उत्तर एकच, कुपा उष्ण असतो, खाल्ला की अंगावर पित्त उठतं. आणि ते काळपट रक्ताळ मांस बघून खायची इच्छाच होत नाही असं पण म्हणतात. मी पण लहानपणापासून हेच ऐकत आलो आणि हेच मानत आलो. आता मानत नाही, आणि का ते नीट लिहितो, कारण दिवाळीनंतर बोट करून समुद्रात जाऊन आलो तेव्हापासून हा विषय डोक्यातून जातच नाहीये.

झालं असं की माझा मावसभाऊ निखिलदादा अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो, आणि तिथे ग्लॉस्टर म्हणून बंदर आहे तिथून उन्हाळ्यात चार्टर बोटी निघतात ब्लूफिन टुनासाठी. हा दरवर्षी जातो. स्टेलवॅगन बँक नावाचा उथळ भाग आहे समुद्रात, व्हेल बघायला पण लोक तिथेच जातात, तिकडे जिवंत बांगडे (तिकडचे, आपल्यापेक्षा वेगळे) गळाला लावून पतंगाला किंवा फुग्याला बांधून पाण्यात सोडतात आणि वाट बघतात. मासा लागला की एक तास, दोन तास, कधी जास्त पण, माणसं आळीपाळीने रॉड धरतात. अटलांटिकमधला ब्लूफिन हा सगळ्यात मोठा टुना, १९७९ साली कॅनडात नोव्हा स्कोशियाला रॉडवर पकडलेला ६७९ किलोचा होता आणि तो रेकॉर्ड अजून तसाच आहे. नियम पण कडक आहेत, तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत अंगाच्या बाकावरून टेप लावून मोजायचं, ७३ इंचाच्या वरचा असेल तर तो वेगळ्या हिशोबात जातो, आणि कोटा भरला की सीझन मध्येच बंद. मधल्या काळात बेसुमार मासेमारीने हा मासा संपायला आला होता, मग कोटे कापले, आणि २०२१ मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या जीवांची यादी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) अटलांटिक ब्लूफिनला धोक्याच्या यादीतून काढलं. मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण मासा परत येतो हे बघायला आपल्याला क्वचितच मिळतं.

पण त्याच्या गोष्टींमधली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. तो म्हणाला मासा बोटीला लागल्यानंतरची दहा मिनिटं, त्या दहा मिनिटांत ठरतं की हा मासा सोनं आहे की माती.

तर दादा मुंबईत आला तेव्हा आम्ही चौघांनी मिळून एक अँगलिंगची, म्हणजे गळाने मासे पकडायची बोट ठरवली, भाऊच्या धक्क्यावरून, पहाटे अंधारात. आधीच सांगतो, मुंबईच्या समुद्रात ब्लूफिन नाही. दक्षिणेकडचा ब्लूफिन जावा बेटाच्या खाली अंडी घालायला येतो, म्हणजे जन्मतो आपल्या हिंदी महासागरातच, पण मग थंड पाण्याकडे दक्षिणेला जातो. यलोफिन नावाच्या दुसऱ्या टुनाला पण खोल पाणी लागतं आणि मुंबईसमोर दोनशे किलोमीटरच्या पुढेपर्यंत उथळच आहे. आपल्याला मिळतो तो लांब शेपटीचा कुपा, ब्लूफिनच्याच वंशातला, शास्त्रीय नावात थुनसच, आणि दुसरा तो पोटावर काळे ठिपके असलेला छोटा, त्यालाच कोणी गेदर म्हणतं कोणी कुपाच म्हणतं.

बोट चालवणारे तांडेलकाका वरळीचे, साठीचे असतील. गेटवे मागे पडलं, कुलाब्याचं टोक, प्राँग्ज दीपगृह, नांगर टाकून उभी असलेली मोठी जहाजं, मग डावीकडे लांब खांदेरी, आणि मग नुसतं पाणी. मातकट पाणी संपून हिरवं, मग निळसर झालं. काका म्हणाले "पानी निला झाला का मंग बघ". वीस वाव (साधारण ३६ मीटर) खोल पाण्यावर आल्यावर त्यांनी इंजिन हळू केलं, मागे दोन ल्यूर (गळ लावलेले नकली मासे) सोडून ते ओढत नेणं, म्हणजे ट्रोलिंग चालू, आणि स्वतः डोळे पक्ष्यांवर. सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असले की खाली तारली किंवा मांदेलीचा थवा आहे आणि त्याला खालून कुपा वर ढकलतोय असं समजायचं. बराच वेळ काही नाही. मग उजवीकडे अचानक पाणी उकळल्यासारखं झालं, कुपे अंगभर बाहेर उड्या मारत होते, आणि काकांनी बोट थेट थव्यात न घालता वाऱ्याच्या बाजूने लांबून वळवून आणली, कारण थव्यावर बोट गेली की सगळे खाली जातात.

रील ओरडायला लागलं आणि रॉड माझ्याच हातात होता. सहा सात किलोचा मासा, पण ओढ अशी की विश्वास बसत नव्हता, शंभरेक मीटर दोरी एका दमात गेली, मग तो खाली जाऊन गोल गोल फिरायला लागला. हा मासा थांबूच शकत नाही, तोंड उघडं ठेवून पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी जातं आणि श्वास मिळतो, म्हणून त्याचं सगळं अंगच स्नायूंचं आहे, आणि त्या स्नायूंची उष्णता तो बाहेर जाऊ देत नाही. थंड रक्त आत येताना गरम रक्ताच्या शिरांना चिकटून येतं त्यामुळे ऊब आतच राहते. ब्लूफिनमध्ये तर हे इतकं पुढे गेलंय की आजूबाजूचं पाणी सात आठ डिग्री असलं तरी आतलं मांस पंचवीसच्या वर असतं.

मासा वर आला आणि दादा लगेच कामाला लागला. डोक्यात डोळ्यांच्या मध्ये थोडं वर अणकुचीदार सळई, मासा क्षणात शांत. मग छातीच्या पराच्या मागे दोन बोटं सोडून दोन्ही बाजूंना छोटा काप, तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, कल्ल्यांना काप, शेपटीला दोरी बांधून मासा पाण्यात धरला. लालभडक रक्त वाहत गेलं आणि पाच मिनिटांत थांबलं. मग पोट साफ, कल्ले बाहेर, आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून केलेल्या गार काल्यात पूर्ण बुडवला. नुसत्या बर्फावर ठेवला तर बर्फ लागतो तेवढीच बाजू गार होते, पाण्यात सगळीकडून होतो. पोट साफ करताना मी आत हात घातला, मांस खरंच गरम लागत होतं.

आता पित्ताचं. कुप्याच्या मांसात (आणि बांगड्याच्या पण) हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर उबदार राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात, आणि हिस्टामिन म्हणजे तेच ज्याने अंगावर गांधी येतात, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं. एकदा तयार झालं की कितीही शिजवा, तळा, जात नाही. चार डिग्रीच्या खाली ठेवला तर ते जवळपास होतच नाही. म्हणजे आईला पित्त उठलं ते खरंच उठलं, खोटं काही नाही, पण ते कुप्याच्या उष्णपणाने नाही, कुपा आपल्यापर्यंत ज्या अवस्थेत आला त्याने. (काही जणांना माशाचीच ॲलर्जी असते ते वेगळं, त्यांनी खाऊ नये.)

आणि तो येतो कसा? बहुतेक जाळ्यात. जाळ्यात अडकला की पोहणं बंद, म्हणजे श्वास बंद, धडपडून तिथेच मरतो, आणि जाळं ओढेपर्यंत तासन्‌तास सत्तावीस अठ्ठावीस डिग्रीच्या पाण्यात रक्तासकट पडून. मग बाकी मासळीबरोबर खणात, बर्फ आधी पापलेट सुरमईला, उरला तर कुप्याला. मी खलाशांना दोष देत नाही, कुप्याला भावच नाही तर बर्फ कोण घालवेल त्याच्यावर, आणि बर्फ नाही म्हणून भाव नाही. जपानात २०१९ च्या जानेवारीत तोयोसू बाजारात २७८ किलोचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, ती वर्षातल्या पहिल्या लिलावाची हौस होती हे मान्य, पण तिथे रोजच्या दिवशी सुद्धा शेपटीचा काप बघून, मांस भाजल्यासारखं झालंय का, चरबी कशी आहे हे बघून मगच बोली लागते.

घरी आणून त्याच रात्री कापला. मांस गडद गुलाबी, चकाकतं, वास जवळपास नाहीच. मधला काळपट पट्टा काढून टाकला, अर्ध्याचं आगळ लावून कालवण, अर्धा नुसता मीठ हळद लसूण लावून तव्यावर, मधे किंचित ओला ठेवून. आई आधी नाहीच म्हणाली, मग एक तुकडा, मग वाटी पुढे केली. कोणाला काही झालं नाही.

तांडेलकाकांनी दादाची सळई ठेवून घेतली आणि पुढच्या फेरीला तसेच रक्त काढून कुपे आणले धक्क्यावर. भाव तोच मिळाला, कारण बाहेरून बघून फरक कळत नाही आणि लिलावात कोणी कापून बघत नाही. म्हणून आता आमच्या बिल्डिंगमधली काही घरं थेट त्यांच्याकडून घेतोय, कुप्याच्या नेहमीच्या भावापेक्षा थोडे जास्त देऊन, त्यांच्या बर्फाचा खर्च निघेल एवढे. बाजारातून घेणार असाल तर एवढं करा, कापून मागा, हाडाजवळचं मांस तपकिरी पडलं असेल तर घेऊ नका, आणि शिजवल्यावर जिभेला मिरी चावल्यासारखं चुरचुरलं तर ताटातला तुकडा तिथेच सोडून द्या.