जावातले पैसे आणि बिगडेसिमलचा जाच

जावा या प्रोग्रामिंग भाषेत पैशांसाठी डबल हा दशांश संख्यांचा प्रकार वापरू नये, हे बहुतेकांना ठाऊक असतं, कारण ०.१ बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) नेमका मावतच नाही. म्हणून सगळे बिगडेसिमल या अचूक दशांशांच्या क्लासकडे वळतात आणि खरा वैताग तिथे सुरू होतो. त्याच्या कन्स्ट्रक्टरला (नवी संख्या बनवणाऱ्या कोडला) ०.१ डबल म्हणून दिला, की तीच चूक शेपटासकट आत येते. त्याऐवजी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराच्या रूपात संख्या द्या. समानता बघणारं इक्वल्स स्केलही (दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत तेही) तपासतं, त्यामुळे २.० आणि २.०० वेगळे ठरतात: इक्वल्सवर चालणाऱ्या हॅशसेट या संचात दोन्ही बसतात, कंपेअरटूवर चालणाऱ्या ट्रीसेटमध्ये एकच! तुलना फक्त किंमत बघणाऱ्या कंपेअरटूनेच करा. राउंडिंग मोड (उत्तर कसं पूर्णांकित करायचं ते) न देता १ भागिले ३ केलं तर उत्तर संपतच नाही, म्हणून एक्सेप्शन, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये त्रुटी येते. टेस्टमध्ये १०० भागिले ४ असा पूर्ण भाग जाणारा हिशेब असेल तर ते थेट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात कळतं. इतक्या वर्षांत या क्लासला साधं अधिक चिन्ह मिळू नये, हे मला पटत नाही; बेरीज अ‍ॅड या मेथडने करावी लागते. अ‍ॅडचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायचं राहिलं तर बेरीज वाया जाते आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.